हे मी बनवलं, विचारा काय विचारायचं ते

(परभणीतल्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आज मी शिक्षणावर बोलणार आहे, पण शिष्यवृत्ती, आरक्षण, मदरसे यांच्यावर नाही. ते विषय आपण नेहमी बोलतो आणि बोललेच पाहिजेत. आजचा विषय लहान वाटेल. एखाद्या छोट्या, वेगळ्या वाटेने चालणाऱ्या शाळेत मुलं वर्षभर हाताने काही काम करतात आणि मग एक दिवस गावातल्या लोकांसमोर, आईवडिलांसमोर उभी राहून सांगतात, की हे मी बनवलं, असं बनवलं, इथं चुकलं, आता विचारा काय विचारायचं ते. त्या एका दिवसात काय घडतं आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना तो दिवस का मिळत नाही, एवढंच मला मांडायचं आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेतही विज्ञान प्रदर्शन होतं. होतं ना. पण त्यात काय असतं, ते आठवा. थर्माकोलचा ज्वालामुखी, बाजारातून आणलेला सौरमालेचा संच, काकांनी करून दिलेलं पवनचक्कीचं मॉडेल. मूल बाजूला उभं राहून पाठ केलेली सहा वाक्यं म्हणतं. मधेच कुणी विचारलं, की बाळा, हीच तार का वापरली, तर ते सरांकडे बघतं. परीक्षक पुढच्या टेबलाकडे जातात आणि बक्षीस ज्याचं मॉडेल चकचकीत असेल त्याला मिळतं. यात मुलाचा दोष नाही. त्याला कुणी काम करूच दिलेलं नसतं, मग तो त्यावर बोलणार काय?

खरं सादरीकरण ओळखायचं असेल तर तीन साधे प्रश्न विचारून बघा. हे काम का निवडलंस? कुठे फसलं, आणि मग काय केलंस? खर्च किती आला? ज्याने स्वतः काम केलंय त्याला या तिन्हींची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. दुसऱ्या प्रश्नावर तर त्याचा चेहराच उजळतो, कारण फसण्याची गोष्ट सांगायला त्याच्याकडे भरपूर असते.

अशा शाळा आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून 1983 साली पत्नी मीराताईंसह तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापास झालेली, शाळा सुटलेली मुलं त्यांनी जवळ केली. चार गोष्टी सगळ्यांनी शिकायच्या: वर्कशॉपचं काम, वीज आणि पाणी, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. म्हणजे तोच मुलगा वेल्डिंग करतो, घराचं वायरिंग करतो, रोपवाटिका सांभाळतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन कसं तपासतात तेही शिकतो. मुलीही हे सगळं करतात.

पुढे हीच पद्धत नेहमीच्या माध्यमिक शाळांमध्ये गेली. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस अशा कामाला देतात. नुसतं काम करून सुटका नाही. कामाची नोंद ठेवायची, आकृती काढायची, माल किती लागला, मजुरी किती धरली, याचा हिशेब मांडायचा. शक्य तिथे काम गावाच्या उपयोगाचं असतं आणि गाव त्याचे पैसे देतं. मुलाने बनवलेलं स्टूल डुगडुगलं तर गिऱ्हाईक ते परत आणणार. इतका प्रामाणिक परीक्षक बोर्डसुद्धा देऊ शकत नाही. आश्रमात राहून शिकणारी मुलं स्वतःचा प्रकल्प निवडून त्याचा अहवाल लिहितात. जीपच्या जुन्या भागांतून छोटा ट्रॅक्टर बनवण्याचं काम या गावात झालं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेने आपली ‘फॅब लॅब’ बाहेर नेली, तेव्हा पहिल्या जागांमध्ये हे पाबळ होतं. नापास म्हणून बाजूला काढलेल्या मुलांच्या गावात ती आली, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्यातला कुणी मनात म्हणत असेल, की हे ठीक आहे, पण यात आपला काय संबंध? संबंध फार जुना आहे.

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचं नाव तुम्ही ऐकलंय. 29 ऑक्टोबर 1920 ला अलिगढमध्ये ती सुरू झाली आणि 1925 मध्ये दिल्लीला आली. 1926 मध्ये बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला एक तरुण तिचा प्रमुख झाला. तो म्हणजे डॉ. झाकिर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती. त्यांचा जन्म 1897 चा, हैदराबादचा. तेव्हा आपली परभणी त्याच हैदराबाद संस्थानातला जिल्हा होती. म्हणजे माणूस तसा आपल्याच मुलखातला.

बर्लिनहून आलेला हा विद्वान लहान मुलांच्या शाळेत रस घेत होता. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाच्या शिक्षकांनी प्रकल्प पद्धत रुजवली. मुलांचं स्वतःचं दुकान, मुलांची बँक, मुलांची बाग. दुकान चालवायचं म्हणजे गणित आलं, मालाची यादी आली, पत्र लिहिणं आलं, भांडण मिटवणंही आलं. जामियाच्या स्थापना दिनाला ‘तालीमी मेला’ भरतो. विद्यार्थी आपलं काम मांडतात आणि लोक ते बघायला येतात. ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी 1 मार्च 1935 ला झाली, तेव्हा पायाचा दगड कुणी बसवला? कुठल्या नवाबाने किंवा पुढाऱ्याने नाही. शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अझीझने. ज्या संस्थेत मोठे लोक मुलांना असं पुढे करतात, तिथे मुलं लोकांसमोर उभं राहायला घाबरत नाहीत.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, गांधीजी अध्यक्ष होते. ‘नई तालीम’चा अभ्यासक्रम बनवायची समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकिर हुसेन. समितीत ख्वाजा गुलाम सैय्यदैन हेही होते. मातृभाषेतून, सात वर्षांचं, मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि त्याच्या मध्यभागी हाताचं काम, असा तो आराखडा. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला, तो इतिहासही आपण विसरू नये. पण ज्या आराखड्याला आज लोक फक्त गांधीजींचा म्हणून ओळखतात, तो कागदावर उतरवणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी जामियाचा माणूस होता. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेने चालते. तेव्हा हाताने शिकणं ही कुणीतरी बाहेरून आपल्यावर लादलेली गोष्ट नाही.

झाकिर हुसेन एक मुद्दा सतत मांडत. प्रत्येक काम म्हणजे शिक्षण नव्हे. काम करण्याआधी विचार हवा, योजना हवी, मग काम, आणि काम झाल्यावर ते जसं ठरवलं तसं झालं का याची स्वतःच केलेली तपासणी हवी. हे नसेल तर ते नुसतं राबणं आहे.

हा मुद्दा घेऊन आता आपल्या घरात येऊ.

आपल्या समाजात हुनर कमी नाही. पिंजारी, मणियार, शिकलगार, बागवान, तांबोळी, आतार, कुरेशी, ही नावंच मुळी कामाची नावं आहेत. गॅरेजमधला मिस्त्री, वेल्डर, टेलर, फर्निचरवाला, एसी दुरुस्त करणारा, यातले किती आपल्या नात्यातले असतात, बघा. गॅरेजमधला सतरा वर्षांचा पोरगा इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, की प्लगमध्ये कचरा आहे. हे ज्ञान आहे. पण तो शाळेत होता तेव्हा त्याला हे कुणी विचारलं नाही, आणि गॅरेजमध्ये त्याला ‘का’ कुणी विचारत नाही. शाळेने त्याचा हात बघितला नाही आणि उस्तादाने त्याचं डोकं बघितलं नाही. उस्तादाचाही तसा इलाज नसतो, गिऱ्हाईक दारात उभं असतं.

सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. मदरशात शिकणारी मुलं मात्र फार तर तीन-चार टक्के होती. म्हणजे टीव्हीवर मदरशावरून जेवढी चर्चा होते, त्याच्या कित्येक पटीने मोठा प्रश्न शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचा होता. ही मुलं जातात कुठे? कामाला. गरिबी हे कारण आहेच. पण शाळेत बसून ‘आपल्याला काही येत नाही’ एवढंच रोज कळत असेल, आणि कामावर मात्र ‘शाबास’ ऐकू येत असेल, तर मूल कुठे जाईल?

इथे मला एक धोक्याची सूचना द्यायची आहे. हाताच्या कामाचं शिक्षण हा शब्द गोड आहे, पण गरिबांच्या बाबतीत त्याचा सापळा होऊ शकतो. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली. प्राथमिक शाळेची वेळ कमी करायची आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकायचा. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण कुंभाराचं पोर कुंभार, धोब्याचं पोर धोबी, हाच त्याचा अर्थ होता. पेरियार आणि द्रविड चळवळीने त्याविरुद्ध रान उठवलं. 1954 मध्ये राजाजी गेले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी ती योजना रद्द केली. म्हणून कुणी आपल्याला म्हणालं, की तुमच्या मुलांना कशाला बीजगणित, त्यांना पंक्चर काढायला शिकवा, तर त्याला ठाम नकार द्या. आणि आपल्यातलाच कुणी बाप म्हणाला, की शिकून कुठे नोकरी लागणार, बस गॅरेजवर, तर त्यालाही प्रेमाने पण तितकाच ठाम नकार द्या.

मग फरक कसा ओळखायचा? माझ्या मते तीन कसोट्या आहेत. एक, सगळ्यांनी सगळी कामं करायची. मिस्त्रीच्या मुलाने रोपं लावायची, डॉक्टरच्या मुलाने पाना धरायचा, मुलीने वेल्डिंग आणि मुलाने स्वयंपाक. दोन, कामातून विज्ञान आणि गणित बाहेर आलं पाहिजे, कमी होता कामा नये. तीन, शेवटी मुलाने लोकांसमोर उभं राहून त्याचा जाब दिला पाहिजे. ही तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची. राबवून घेतलेल्या मुलाला कुणी बोलायला उभं करत नाही.

परभणीतलंच एक उदाहरण घेऊ. हे घडलेलं नाही, घडू शकेल असं आहे. समजा, आठवीतल्या एका मुलीने विषय निवडला: आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूला पाणी किती लागतं? मराठवाड्यातल्या मुलीला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते घराघरात बोललं जातं.

ती काय करेल? आधी बादली घेऊन तिच्यावर एक लिटरच्या बाटलीने मापून खुणा करेल. भावाला मशिदीत पाठवून नळाखाली एक मिनिट बादली धरायला लावेल. समजा, मिनिटाला सहा लिटर भरले. एका वजूला नळ दोन मिनिटं चालू राहतो असं दिसलं, तर झाले बारा लिटर. मग घरी ती स्वतः बदन्याने वजू करून मोजेल, तर दोन लिटरमध्ये काम होतं. शंभर नमाजी असतील तर एका वेळी बाराशे लिटर आणि दोनशे लिटर, असा फरक निघतो. पाच वेळचे मिळून दिवसाला पाच हजार लिटर. म्हणजे एक छोटा टँकर.

इथे तिची चूकही निघेल. भाऊ म्हणेल, की पाणी सकाळी जोरात येतं आणि संध्याकाळी करंगळीएवढं. मग एकदा मोजून चालणार नाही, चार वेळा मोजून सरासरी काढावी लागेल. सरासरी हा धडा पुस्तकात होता, पण तो लागतो कशाला, हे तिला इथे कळेल. शिवाय सगळेच शंभर जण पाचही वेळा येत नाहीत, जुम्म्याला मात्र गर्दी उसळते. म्हणजे हिशेब पुन्हा मांडा. त्यानंतर पुढचा प्रश्न: हे पाणी जातं कुठे? गटारात. त्यात साबण नसतो, मग ते झाडांना किंवा शोषखड्ड्यात वळवता येईल का? खड्डा किती मोठा लागेल? दगड, वाळू, पाइप, मजुरी, खर्च किती?

आणि मग ती मुलगी मशिदीच्या कमिटीसमोर, वडीलधाऱ्यांसमोर आपली वही घेऊन उभी राहील. कुणी चाचा विचारतील, की बेटा, थंडीत हिशेब बदलेल का? कुणी म्हणेल, पाणी अल्लाहचं, मोजतेस कशाला? त्यावर ती म्हणेल, की पाणी वाया घालवू नका, हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलं. त्या दिवशी त्या मुलीने फक्त विज्ञान शिकलेलं नसेल. मोठ्यांसमोर पुराव्याने बोलायचं, अदबीने बोलायचं, आणि चूक दाखवली तर ती मान्य करून वहीत दुरुस्त करायची, हे ती शिकलेली असेल. आपल्या घटनेच्या कलम 51-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. ते याच वयात आणि अशाच कामातून अंगी येतं. आणि समोर बसलेल्या मोठ्यांनाही काही शिकायला मिळतं: मुलीचं ऐकून घ्यायला.

आता तुम्ही काय करू शकता, ते सांगून मी थांबतो.

पहिली गोष्ट, कायदा तुमच्या बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 29 वाचा. मुलांनी कृतीतून, शोधातून, भयमुक्त वातावरणात शिकावं, असं त्यात लिहिलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, त्यात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत काम करावं, असं म्हटलं आहे. मग आपल्या मोहल्ल्यातला टेलर, मिस्त्री, वेल्डर त्या दहा दिवसांत शाळेत शिकवायला का जाऊ नये? ज्या माणसाला शाळेने कधीकाळी ‘ढ’ म्हणून घरी पाठवलं, तो त्याच वर्गात फळ्यासमोर उभा राहील. ते बघून त्याच्या पोराला काय वाटेल, विचार करा.

दुसरी गोष्ट, जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या आईला, भाभीला, खालाला त्या समितीत पाठवा. बैठकीत एकच मागणी मांडा: वर्षातून एक दिवस मुलं आपलं काम पालकांना दाखवतील.

तिसरी गोष्ट, शाळा तयार नसेल तर मोहल्ल्यात करा. एखादी अभ्यासिका, एखादं शादीखाना, नाहीतर कुणाचं अंगण चालेल. दहा-बारा मुलं पुरेत. मौलाना आझादांचा जन्मदिवस, 11 नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन आहे. त्या सुमारास दिवाळीची सुटी असेल तर शाळा उघडल्यावरचा रविवार धरा. नियम थोडेच ठेवा. विकत आणलेलं मॉडेल नको. मोठ्यांनी हात लावायचा नाही, फक्त धोक्याच्या कामात जवळ उभं राहायचं. पहिला-दुसरा नंबर नको. प्रत्येक मुलाच्या वहीत एक पान ‘कुठे फसलं’ या नावाचं हवं. आणि भाषा मुलाची. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठीत अडखळत बोलायला लावू नका, घरची दखनी बोलत असेल तर तीच बोलू द्या. ऐकणाऱ्यात मराठी शाळेतली मुलंही बोलवा. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, सगळ्या वस्त्यांतली. ज्वारीला किडा लागू नये म्हणून कुणाच्या घरात कडुलिंबाचा पाला टाकतात, कुणाच्या घरात राख. दोन्ही पोत्यांतले किडे महिन्याने मोजायला दोन वस्त्यांतली दोन मुलं एकत्र बसली, तर एकोप्यावर वेगळं भाषण द्यायची गरज उरणार नाही.

खर्च फारसा नाही. लागणार आहेत ती तुमची सहा-आठ रविवारची दुपार. मुलांजवळ बसायचं, उत्तर सांगायचं नाही, ‘मग पुढे काय करशील?’ एवढंच विचारत राहायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याला लगेच उत्तर द्यायची खोड असते.

आज घरी जाताना मोहल्ल्यातल्या एका मुलाला किंवा मुलीला विचारा, की तुला काय बनवून बघायचंय? उत्तर आलं की ते वहीत लिहून घ्या आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवा.